गुलाबी छत्री आणि "तू तसा वाटत नाहीस"

गेल्या आठवड्यात घाईघाईत निघालो, पाऊस सुरू झालेला, माझी छत्री कुठे ठेवलीय ते आठवेना म्हणून दाराशी लटकलेली बायकोची उचलली. गुलाबी, कडेला पांढरी झालर. छत्रीचं काम पाणी अडवायचं आणि ते तिने चोख केलं, मी कोरडाठाक ऑफिसला पोचलो. पण लिफ्टपाशीच एक जण ओरडला, "काय रे, पार्टी बदललीस की काय?" आणि मग दिवसभर तेच. कोणी मान वाकडी करून दाखवतंय, कोणी हात लचकवतंय, एकाने तर माझ्या शेजारची खुर्चीच लांब सरकवली, "जरा सांभाळून बाबा" म्हणत. हे सगळे शिकलेले, चांगल्या पगाराचे, दोन-दोन लेकरांचे बाप बरं का.

घरी येऊन चिडचिडीत हे गुलाबी प्रकरण शोधत बसलो तर वेगळीच गंमत. 1918 साली अमेरिकेत लहान मुलांच्या कपड्यांच्या व्यापाराचं एक मासिक चक्क सांगत होतं की गुलाबी मुलग्यांना घाला, कारण तो ठसठशीत रंग, आणि निळा मुलींना, कारण तो नाजूक. म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी माझी छत्री एकदम मर्दानी होती! उंच टाचांच्या बुटांचं तर त्याहून भारी, ते इराणी घोडेस्वार वापरायचे, रिकिबीत पाय घट्ट बसावा म्हणून, आणि पुढे फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचा घालून दरबारात मिरवायचा. हे मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं. कोणी ऐकलं नाही, अपेक्षाही नव्हती.

मला राग छत्रीवरनं चिडवल्याचा नाहीये, खरंच. मी लग्न झालेला माणूस, मला चिडवून लोक विसरून जातात. राग याचा आहे की हे चाललं तेव्हा लंचच्या टेबलावर माझा एक मित्र बसलेला होता जो गे आहे, आणि हे माझ्याशिवाय तिथे कोणालाच माहीत नाही. दाढी, भरदार आवाज, ट्रेकला सगळ्यांच्या पुढे, बाईकचं इंजिन स्वतः खोलून बसवणारा. म्हणजे लोकांच्या डोक्यात "ते तसले" म्हणून जे चित्र आहे त्यात तो कुठेच बसत नाही, त्यामुळे त्याच्यासमोर बिनधास्त सगळं बोललं जातं. आणि तो हसतो. मी नीट बघितलंय, हसताना तो हातातला टिश्यू पेपर फाडत असतो, आधी दोन तुकडे, मग चार, मग इतके बारीक की जेवण संपेपर्यंत ताटाशेजारी छोटासा ढीग झालेला असतो, आणि उठताना तो ढीग स्वतःच गोळा करून नेतो.

आता माझंही सांगतो, मी काही मोठा शहाणा नाही. तीन वर्षांपूर्वी त्याने मला सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं, तर "पण तू तर तसा वाटत नाहीस." वर मला वाटत होतं की मी त्याला बरं वाटावं म्हणून बोलतोय! तो एवढंच म्हणाला, "कसा वाटायला हवा होतो?" मला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर एकच होतं, बाईसारखा. आणि तिथेच गोम आहे. मुलगा रडला की बायल्या, भांडायला नको म्हणाला की हातात बांगड्या भर, आणि मुलीचं कौतुक करायचं असलं की "आमची मुलगी नाही हो, मुलगाच आहे". म्हणजे बाईला पुरुष म्हटलं की बढती आणि पुरुषाला बाई म्हटलं की शिवी. गे माणसावरचे सगळे जोक या एकाच खुंटीला टांगलेत, त्याचं प्रेम कोणावर आहे याच्याशी कोणाला घेणंदेणं नसतं, त्याने पुरुषपणाची खुर्ची का सोडली याचा राग असतो. त्याने सोडलेलीच नाहीये ही गोष्ट वेगळी.

मग तो ठरलेला प्रश्न, "पण त्यांच्यात नवरा कोण असतो?" अरे, आमच्या घरी गाडी बायको चालवते, बँकेचं सगळं ती बघते, पाल मी बघितली तरी किंचाळतो, आमच्यात नवरा कोण हे विचारायला आजवर कोणी आलं नाही.

परवा पुन्हा तेच. कुठल्यातरी रीलवरनं विषय निघाला आणि एक जण म्हणाला, आजार आहे यार हा, ट्रीटमेंट घ्यायला पाहिजे. मी म्हटलं, जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 ला आजारांच्या यादीतून ते काढलंय, तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. तर म्हणे, त्यांना काय कळतंय. मग त्याने एक जोक टाकला, सगळे हसले, आणि मी म्हटलं मला कळला नाही, समजावून सांग ना यात हसण्यासारखं काय आहे. सुरुवात केली त्याने, अडखळला, "म्हणजे तो ना... बाईसारखा..." आणि लाल झाला. टेबल एकदम शांत. मला मनातून लय भारी वाटलं, खोटं कशाला बोलू.

मित्र खाली मान घालून मोबाईल बघत होता. जागेवर येऊन बसतोय तोवर त्याचा मेसेज, "प्लीज असं करू नकोस. तू माझ्यासोबत फिरतोस, उद्या माझ्यावर संशय येईल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चार दिवस झाले, मेसेजवर निळ्या टिक आहेत आणि खाली माझा रिप्लाय नाही. लंचला आम्ही शेजारीच बसतो, मॅचवर बोलतो.