पुठ्ठ्यामागचे साल

ठाण्यात पाचपाखाडीला माझी जुनी कागदपत्रे आणि छायाचित्रे दुरुस्त करण्याची लहानशी कार्यशाळा आहे. गेल्या पावसाळ्यात नौपाड्यातील एक वयोवृद्ध काका वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक छायाचित्र घेऊन आले. त्यांचे पणजोबा मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरच्या बांधकामावर पाथरवट होते आणि हे चित्र त्या वेळचेच आहे, असे घरात सांगत आले होते. परंतु पुठ्ठ्यामागे शाईने १८९० लिहिलेले होते आणि टॉवर तर १८७८च्या नोव्हेंबरातच पुरा झाला होता, त्यामुळे पुढच्या पिढीने ती गोष्ट मोडीत काढली होती.

अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला तो जुन्या पद्धतीचा कागद पिवळा पडला होता आणि त्याचा एक कोपरा कसरीने खाल्ला होता. मऊ कुंचल्याने धूळ झाडून मी भिंग लावले आणि माझा हात थांबला. ओव्हल मैदानाकडून टिपलेल्या त्या चित्रात उजवीकडचे पदवीदान सभागृह छपरासह पूर्ण दिसत होते, डावीकडे ग्रंथालय उभे होते, त्यावरचा टॉवर मात्र अर्ध्यावरच संपला होता आणि त्याला बांबूंची परांची वेढून होती. जोडांवरचे दोरीचे वेढेसुद्धा ओळखू येत होते. सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा हे चित्र १८७४ ते १८७८ या काळातलेच असले पाहिजे.

१ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झालेल्या या वास्तूचे आराखडे करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट कधी भारतात आले नाहीत, आणि मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावाच्या टॉवरसाठी आणखी दोन लाख रुपये दिले, हे कोठेही वाचायला मिळते. २८० फुटांपर्यंत दगड चढवणाऱ्यांची नावे मला कोठे वाचायला मिळाली नाहीत, म्हणून परांचीची प्रत्येक फळी मी भिंगाखाली सावकाश तपासली. त्या काळी चित्र उमटायला काही सेकंद लागत. जो हलला, त्याचा नुसता धूसर डाग उरे. तसे सहा-सात डाग मला दिसले.

"ताई, यात आमचे पणजोबा असतील का हो?" काकांनी विचारले.

"ते सांगता येणार नाही, काका. पण काम चालू असतानाचेच हे चित्र आहे, एवढे नक्की."

त्यांनी भिंग मागून घेतले आणि बराच वेळ ते चित्रावर वाकून बसले. १८९० हा आकडा मी पुसला नाही, कारण तोही घरातल्याच कोणाच्या हातचा असणार. त्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले: १८७४ ते १८७८, टॉवर अपूर्ण, परांचीवर माणसे.