कूलर बंद करून ऐकायचे ध्वनी: ऑस्कल्टेशन (स्टेथोने हृदय ऐकणं) शिकतानाचा माझा अनुभव

मे महिन्यात नागपुरातल्या वॉर्डात कूलर घरघरत असला, तर मायट्रल स्टेनोसिसची, म्हणजे हृदयातल्या अरुंद झालेल्या मायट्रल झडपेची, मर्मर (रक्तप्रवाहाचा जादा आवाज) कानाला लागतच नाही, कारण तीही तशाच खालच्या पट्टीतली. सिस्टरना सांगून दोन मिनिटं कूलर बंद, हे माझं पहिलं काम. छातीवरचा घाम पुसायचा आणि स्टेथो कपड्यावरून लावायचा नाही.

मर्मर शोधायला मी धावत नाही. आधी हृदयाच्या दोन ध्वनींपैकी पहिला कोणता, ते पक्कं करते. मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटतात तेव्हा पहिला, एऑर्टिक आणि पल्मनरी मिटतात तेव्हा दुसरा. मिनिटाला ७२ ठोके असतील तर सिस्टोल (हृदय आकुंचतं तो काळ) साधारण ०.३ सेकंद, डायस्टोल (हृदय सैल पडून भरतं तो काळ) ०.५, फरक सहज कळतो. ठोके १२० झाले की डायस्टोल आखडतो, दोन्ही अंतरं सारखीच वाटतात. तेव्हा कॅरॉटिडवर (मानेतल्या नाडीवर) हलकं बोट ठेवायचं, एकाच बाजूला. नाडीसोबत येतो तो पहिला. मनगटाची नाडी उशिरा पोचते, तिच्यावर विसंबू नये.

मग एकच प्रश्न: या क्षणी कोणती झडप उघडी असायला हवी? सिस्टोलमध्ये रक्त एऑर्टिक आणि पल्मनरीतून बाहेर पडतं, मायट्रल-ट्रायकस्पिड बंद असतात. म्हणजे सिस्टोलिक मर्मर बहुधा उघड्या झडपेच्या अरुंदपणाची, नाहीतर बंद झडपेच्या गळतीची. डायस्टोलमध्ये हिशेब तोच, फक्त उघड्या आणि बंद झडपांची अदलाबदल. व्हीएसडीसारखं, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीतलं छिद्र या हिशेबाबाहेरचं. एवढं डोक्यात बसलं की पाठांतराची यादी निम्म्यावर येते.

जागेसाठी छातीच्या हाडावरचा उंचवटा, म्हणजे स्टर्नल अँगल, बोटाने चाचपायचा. तिथे दुसरी बरगडी जुळते. तिच्याखालची फट उजवीकडे एऑर्टिक, डावीकडे पल्मनरी. मायट्रलसाठी साधारण पाचवी फट, पण एपेक्स बीट (हृदयाच्या टोकाचा ठोका) हाताने शोधूनच. हृदय वाढलं असेल तर तो काखेकडे सरकलेला असतो.

मायट्रल स्टेनोसिससाठी: ‘काकाजी, डाव्या कुशीवर वळा, श्वास सोडा अन् तसाच धरून ठेवा.’ बेल (स्टेथोची वाटीसारखी बाजू) एपेक्सवर नुसती टेकवायची. दाबली की खालची कातडी ताणली जाते, बेलचा डायफ्राम (स्टेथोची सपाट पडद्याची बाजू) होतो आणि मंद गडगड गायब. बहुतेकांचं इथेच अडतं. एऑर्टिक गळतीसाठी उलट: बसवून पुढे वाकवायचं, श्वास सोडून धरायला सांगायचा आणि डायफ्राम स्टर्नमच्या डाव्या कडेला, तिसऱ्या फटीत, घट्ट दाबायचा.

दुसऱ्या ध्वनीचं स्प्लिट (दुभंगणं) मात्र श्वास चालू ठेवूनच, पल्मनरी जागेवर ऐकावं. श्वास आत घेताना हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त रक्त येतं, पल्मनरी झडप उशिरा मिटते, ध्वनी दुभंगतो. श्वास सोडतानाही ते अंतर तेवढंच राहिलं, तर एएसडीचा, म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीतल्या छिद्राचा, संशय.

केस शीटवर नुसतं ‘मर्मर आहे’ लिहिलं तर सर परत पाठवतात, आणि बरोबरच आहे. कोणत्या टप्प्यात, कुठे सर्वात स्पष्ट, मानेकडे पसरते की काखेकडे, श्वासाने बदलते का, आणि सहापैकी ग्रेड किती. तळहाताला थ्रिल (मर्मरची थरथर) लागली तर चार किंवा वर. आवाजाच्या मोठेपणावरून आजार किती गंभीर हे मात्र ठरवू नये: लहानशा व्हीएसडीची मर्मर दणदणीत असू शकते, आणि तीव्र एऑर्टिक स्टेनोसिसमध्ये हृदय थकलं की मर्मर उलट मंदावते.