रोलर फिरवायला काय लागतं?

तालुक्याच्या गावी मी चौतीस वर्षं चित्रकला शिकवली. वर्गाच्या भिंतीवर वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राची छापील प्रत असायची. निवृत्त झालो तशी ती घरी आणली. ती बघून, किंवा गायतोंड्यांचं चित्र इतक्या कोटींना गेल्याची बातमी वाचून, लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. २०१३च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला तेवीस कोटींच्या वर किंमत आली, तेव्हापासून तर फारच. परवा एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनी तो अगदी मनापासून विचारला: "सर, हे रोलरनं केलंय म्हणतात. रोलर तर आमच्याकडे रंग द्यायला येतो तो पेंटरही फिरवतो. मग यात चित्रकाराचा हात कुठे आहे?"

त्यांनी विचारलं म्हणून नीट बसून लिहितो. उभ्या-उभ्या सांगण्यासारखं हे नाही.

हात गायतोंड्यांकडे होता, आणि पक्का होता. जन्म नागपूरचा, १९२४चा. घराणं गोव्याचं, वाढले गिरगावच्या चाळीत. १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून पदविका घेतली. सुरुवातीच्या चित्रांत माणसं आहेत, आपल्या लघुचित्रांतून उचललेली रेषा आहे, पुढे पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचा अभ्यास दिसतो. म्हणजे रेषा जमत नव्हती म्हणून रोलर धरला, असं झालेलं नाही. पन्नासच्या दशकात एकेक करत आकृती गेली, मग रेषा गेली, आणि रोलर व पॅलेट नाइफ, म्हणजे रंग कालवायची बोथट सुरी, हातात आले.

आता तो रोलर. भिंतीचा रंग एकसारखा बसला की पेंटरचं काम संपतं. गायतोंड्यांचं काम तिथून सुरू व्हायचं. तैलरंगाचा एक थर द्यायचा, त्यावर दुसरा, आणि वरचा ओला असताना त्यातला थोडा काढून घ्यायचा. कुठे नाइफनं खरवडून, कुठे वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून आणि उचलून. कागद रंग घेऊन येतो आणि खालचा थर उघडा पडतो. त्या उघड्या पडलेल्या जागा म्हणजेच चित्रातले ते आकार, जे पाण्याखालच्या दगडांसारखे दिसतात किंवा न वाचता येणाऱ्या लिपीसारखे.

हे मी करून बघितलं आहे. दोन बाय तीनचा कॅनव्हास, लिनोच्या छापासाठी शाळेत वापरायचो तो रबरी रोलर, जवसाचं तेल. खाली गेरू दिला, तीन दिवस थांबलो, वर राखाडी फिरवला. कागदाचा तुकडा दाबला आणि उचलला, तर गेरूसकट सगळंच वर आलं. पांढरा कॅनव्हास दिसायला लागला, बाकी चिखल. गेरू वरून सुकल्यासारखा वाटत होता, आत ओला होता. दुसऱ्या खेपेला पंधरा दिवस थांबलो. तेव्हा तुकडा उचलल्यावर राखाडीच्या आत गेरूची एक फाटक्या कडेची पट्टी उमटली, आणि मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो. पण ती त्या जागी हवी होती का? ते मला सांगता येईना. कुठला तुकडा कुठे दाबायचा, किती जोरानं, आणि कधी हात मागे घ्यायचा, हे रोलर सांगत नाही. तो निर्णय माणसाचा. त्या कॅनव्हासवर असे चार निर्णय घेताना माझी दमछाक झाली. त्यांच्या एकेका चित्रात असे किती असतील, मोजवत नाही.

वर्षाला ते पाच-सहाच कॅनव्हास करत. बाकीचा वेळ बघण्यात, विचारात. झेन त्यांनी वाचलं होतं, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज त्यांना जवळचे होते, आणि मला तरी त्या थांबण्यात ते जाणवतं.

१९६४-६५मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला होते. अमेरिकी अमूर्त अभिव्यक्तिवादाचं, म्हणजे ओळखीचे आकार सोडून नुसत्या रंगातून भावना मांडणाऱ्या चित्रकारांच्या पंथाचं, ते गाव. जॅक्सन पोलॉक जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासवर रंग ओघळवायचा. त्याच्या चित्रात खांदा, मनगट, अख्खं अंग कसं फिरलं हे दिसतं. मार्क रॉथकोचे पातळ, कडा विरघळलेले रंगपट्टे गायतोंड्यांच्या जास्त जवळचे आहेत, म्हणून त्यांनाही याच पंथात बसवतात. मला ते पटत नाही. ते स्वतः 'अमूर्त' हा शब्दही नाकारत आणि आपली चित्रं वस्तुनिरपेक्ष आहेत, म्हणजे कुठल्याही वस्तूवरून काढलेली नाहीत, असं म्हणत. पोलॉकनं हात दाखवला, यांनी तो कागदाच्या तुकड्यामागे ठेवला.

आणि हातच बघायचा असेल, तर तोही बघायला मिळतो. १९८४ साली दिल्लीत त्यांना मोठा अपघात झाला. पुढे काही वर्षं मोठा कॅनव्हास पेलवेना, तेव्हा त्यांनी कागदावर शाईनं कामं केली. तिथे रोलर नाही, थर नाहीत. काळी शाई, पांढरा कागद, आणि टाकली की परत न घेता येणारी खूण. माझ्या ओळखीचे काही जण ती कामं किरकोळ समजतात. मला ती फार मोठी वाटतात. इतकी वर्षं रंग उचलून घेणारा माणूस नुसतं ठेवतो तेव्हा किती कमी ठेवतो, ते तिथे कळतं.

२०१४ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम कलासंग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन झालं. तोवर त्यांना जाऊन तेरा वर्षं झाली होती. मला काही तिकडे जाता आलं नाही. पण मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात त्यांची चित्रं आहेत. जाणार असाल तर आधी फोन करून कुठली लावली आहेत ते विचारा. चित्रासमोर गेलात की लगेच मागे सरू नका. एका कडेला जा, जिथून उजेड तिरपा पडलेला दिसेल. समोरून जे सपाट धुकं वाटत होतं त्यात बारीक पायऱ्या दिसायला लागतील, थर कुठे संपला आणि कुठे उचलला गेला त्या. पुढच्या महिन्यात मीही जाणार आहे. त्या वडिलांना सोबत यायचं असेल तर सकाळची पहिली एसटी पकडू.