उताराची कॉम्रेड्स सोपी नाही

दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स मॅरेथॉन साधारणपणे एक वर्ष डर्बनहून पीटरमारित्झबर्गकडे चढते आणि दुसऱ्या वर्षी तिथून समुद्राकडे उतरते. 2018 ची शर्यत उताराची असल्याने तयारी थोडी कमी पडली तरी निभावेल, असे आमच्या प्रशिक्षकांनी सांगितले आणि सोयीचे होते म्हणून मी ते मानले. जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन पात्रतेपुरती पळालो होतो. त्यानंतरची माझी सर्वांत लांब धाव होती 36 किलोमीटरची, आणि ही शर्यत सुमारे 90 किलोमीटरची.

पहिली गोष्ट म्हणजे, पूर्वार्धात उतार नावालाच आहे. उमलास रोडजवळचा मार्गावरील सर्वांत उंच भाग गाठेपर्यंत एकंदरीत चढच असतो, त्यानंतर इंचांगाची टेकडी येते आणि अर्धे अंतर संपवून ड्रमंड गाव सोडले की बोथाज हिलचा चढ समोर उभा राहतो. हे चढ मी सरळ चालत काढले आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

खरी फसगत झाली ती क्लूफहून पाइनटाउनकडे उतरणाऱ्या फील्ड्स हिलवर. सुमारे तीन किलोमीटरच्या त्या उतारावर प्रत्येक पावलाला शरीराचा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणलेल्या अवस्थेत पेलावा लागतो, आणि 65 किलोमीटर पळून आलेल्या मांड्या तो पेलत नाहीत. मी कठडा धरून, तिरका, एकेक पाऊल टाकत उतरलो, तेव्हा माझ्याहून वयाने बरेच मोठे धावपटू शेजारून सहज निघून गेले. सिंहगडाचा घाट मी पळत चढत असे आणि जीपने उतरत असे. तो शहाणपणा इथे महागात पडला. जाणाऱ्यांनी घाट पळत उतरण्याचाच सराव करावा, चढण्याचे कौतुक नको.

2018 मध्ये वेळ सुरुवातीच्या बंदुकीच्या आवाजापासून मोजली जात होती, त्यामुळे शेवटच्या गटात उभे राहिलेल्यांची प्रारंभरेषेपर्यंतची मिनिटेही बारा तासांच्या मुदतीतूनच वजा होत. पाण्याच्या पिशव्या दातांनी फोडायच्या असतात. रिकाम्या पिशव्यांवर पाय घसरतो. मिठाचे उकडलेले बटाटे मिळाले की घ्यावेत, पाकिटातल्या एनर्जी जेलपेक्षा तेच बरे. पाइनटाउननंतर मी बारा तासांच्या ‘बस’मध्ये, म्हणजे ठरावीक वेळेच्या हिशेबाने एकत्र पळणाऱ्या घोळक्यात शिरलो आणि केवळ त्या लोकांमुळे 11 तास 51 मिनिटांत स्टेडियममध्ये पोहोचलो. तिथे मी रडलो, हेही नोंदवतो.

डर्बनमध्ये हॉटेलची खोली तळमजल्याची मागावी. माझी दुसऱ्या मजल्यावर होती, लिफ्ट नव्हती, आणि पुढचे दोन दिवस मी जिना पाठमोरा उतरत होतो.