डार्विनच्या घरचं टपाल

लंडनमधले बाकीचे दिवस नेहमीची ठिकाणं बघण्यात गेले. लिहायचंय ते लंडनच्या कडेच्या डाउन गावाबद्दल. ब्रॉम्लीहून १४६ नंबरची बस तासाला एक. चुकली तर बसा वाट बघत.

१८४२ पासून १८८२ मध्ये मरेपर्यंत चार्ल्स डार्विन इथल्या डाउन हाउसमध्ये राहिला. लोक येतात ते 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हे उत्क्रांतीवरचं पुस्तक लिहिलेली खोली बघायला. मी मात्र तिथल्या खुर्चीपाशीच थबकले. उंच, पायांना चाकं लावलेली. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून तो लिहायचा. मागून रांग सारखी पुढे रेटत होती. एवढ्याशा खोलीत एका वेळी चार माणसंच सोडायला हवीत.

आलेली-गेलेली धरून त्याची सुमारे १५,००० पत्रं आज माहीत आहेत. त्यांत सिद्धान्त कमी, चौकशाच फार. मद्रासला सरकारी अधिकारी वॉल्टर इलियटकडे पाळीव कबुतरांची कातडी माग, कलकत्त्याला संग्रहालय सांभाळणाऱ्या एडवर्ड ब्लाइथला कोंबड्यांबद्दल विचार. सकाळी साडेनऊला काम थांबवून टपाल बघायचं, घरची पत्रं सोफ्यावर आडवं होऊन वाचून घ्यायची, उत्तरं दुपारी जेवणानंतर. मुलगा फ्रान्सिस सांगतो, वेडगळ पत्रालाही उत्तर गेलं नाही तर वडिलांना चैन पडत नसे. पिच्छा पुरवणाऱ्यांसाठी छापील उत्तर करून घेतलं होतं, पण ते जवळजवळ वापरलंच नाही.

आणि हाच माणूस आलेली पत्रं जाळायचा! वाण्याकडे बिलं टोचायची तार असते ना, तशा सळ्यांना तो पत्रं टोचून ठेवी. सळ्या भरल्या की त्या रिकाम्या करायला कित्येक वर्षांची पत्रं आगीत. १८६२ च्या आधीची बहुतेक अशीच गेली. मला हे अजूनही सहन होत नाही.

नंतर त्याची समजूत घातली गेली म्हणून पुढची उरली. १८६२ च्या अखेरीस एडिंबरोच्या बागेतला माळी जॉन स्कॉट याने ऑर्किडवरच्या पुस्तकातली चूक दाखवणारं पत्र पाठवलं. डार्विन रागावला नाही. त्याला प्रयोग सुचवत राहिला, निबंध लिहायला लावला, आणि १८६४ मध्ये कलकत्त्याला जायला मदत केली.

केंब्रिज विद्यापीठाच्या डार्विन पत्रव्यवहार प्रकल्पाने ही पत्रं इंटरनेटवर फुकट ठेवलीत. डाउनला निघण्याआधी स्कॉटची तेवढी वाचाच. आणि शनिवार-रविवारी जाऊ नका.