ठेचा झोंबतो

४१ वह्या तपासून झाल्या तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. निम्म्याहून जास्त निबंधांची सुरुवात एकच होती, 'व्यसन हा समाजाला लागलेला शाप आहे.' शेवटही एकच, 'चला तर मग, आजच शपथ घेऊ या.' मधे तंबाखूने कर्करोग होतो, दारूने संसार मोडतात. सगळं खरंच आहे, पण त्यातलं एक अक्षरही मुलांनी स्वतः पाहून लिहिलेलं नव्हतं. काही गाइडमधून उतरवलेलं, काही मोठ्या बहिणीच्या जुन्या वहीतलं, आणि काही मुद्दे तर मागच्या वर्षी मीच फळ्यावर लिहून दिलेले.

मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात नववी-दहावीला मराठी शिकवते. तापीकाठचा पट्टा, गावाभोवती केळीच्या बागा. २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन असतो, त्यामुळे शाळा उघडून आठ-दहा दिवस होतात न होतात तोच निबंध स्पर्धेचं पत्र येतं. विषय ठरलेला, शब्दमर्यादा ठरलेली. मुलांना वाटतं उत्तरही ठरलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी नववीला जोडतास होता. मी फळ्यावर पाच शब्द लिहिले आणि त्यांवर काट मारली: शाप, शपथ, काळाची गरज, पाहिजे, नये. म्हटलं, हे शब्द आज कोणी वापरायचे नाहीत. आपल्या डोळ्यांनी पाहिलेला एकच प्रसंग लिहायचा. नाव कोणाचंच नको, स्वतःचंसुद्धा नको. अहिराणीत सुचलं तर अहिराणीत लिहा. माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही.

"मॅडम, मार्क किती?"

"एकही नाही."

बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. 'पाहिजे' आणि 'नये' काढून घेतले तर व्यसनावर लिहायचं तरी काय, हा प्रश्न मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने मान खाली घातली आणि लिहायला लागली. हळूहळू सगळा वर्ग लागला. पत्र्यावर पाऊस सुरू झाला होता, तरी कोणी खिडकीकडे पाहिलं नाही.

ती पानं मी घरी नेली नाहीत. शाळा सुटल्यावर वर्गातच वाचत बसले.

एकीने शाळेच्या फाटकापासून टपरीपर्यंतची पावलं मोजली होती, ६२. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असा २००३चा कायदा आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने नुसतं मोजलं होतं. एकाने लिहिलं होतं, "पुड्या दोन असतात. मोठीत मसाला, छोटीत तंबाखू. छोटी मोठीत ओतायची, तोंड दाबायचं आणि पाच वेळा हलवायचं." राज्यात गुटख्याला २०१२पासून बंदी आहे. ती चुकवायची ही रीत मोठ्यांना माहीत असते, हे मला ठाऊक होतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने ती चटणीची कृती सांगावी तशी लिहिली होती. एका पानावर आजीची मिश्री होती. आजी तव्यावर तंबाखू भाजते तेव्हा घरातले सगळे खोकत बाहेर जातात, फक्त आजीला खोकला येत नाही.

एका पानावर एकच ओळ होती, बाकी पान कोरं.

"दारू बाप पेस, लाज माले वाटस."

हे पान मी पुढे उलटू शकले नाही. इतकी वर्षं मी मुलांना वाक्य कसं असावं ते शिकवते आहे.

त्याच्याखालच्या कागदाच्या कोपऱ्यावर काळपट तपकिरी ठसा होता. केळीचा चीक. आमच्याकडे तो ओळखायला वेळ लागत नाही. घड उचलणाऱ्याच्या कपड्यांवरचा हा डाग कितीही धुतला तरी जात नाही. अक्षर वाकडं, पण मजकूर सरळ:

"मे महिन्यात मी काकांबरोबर गाडी भरायला जायचो. रात्री दोन वाजायचे. घड खांद्यावर घेऊन बागेतून रस्त्यापर्यंत यायचं. झोप यायची म्हणून एकाने पुडी दिली. झोप गेली. भूकपण गेली. मुकादम म्हणाला, आता तू माणसात आला. सुपारी मी पाचवीपासून खातो, गोडवाली. शाळा सुरू झाली तरी पुडी सुटली नाही. आता मला ठेचा झोंबतो. आई म्हणते नाटकं करू नको."

'वाईट संगत' हा शब्द आम्ही शिक्षक फार सहज वापरतो. या मुलाची संगत म्हणजे काका, मुकादम, घामाघूम झालेली टोळी. पुडी त्याने मौजेखातर घेतलेली नव्हती. ती त्याच्या हातात मोठ्या माणसांनी दिली होती, काम उरकावं म्हणून. लहान मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला २०१५च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. त्या रात्रीच्या बागेत हे कोणाच्या गावीही नसणार.

पण मी अडखळले ते 'ठेचा झोंबतो' या तीन शब्दांपाशी... नाही, दोनच शब्द आहेत ते. कळण्याची भाकरी आणि ठेचा यावर वाढलेलं पोर असं लिहितं तेव्हा ते नाटक नसतं. दोन वर्षांपूर्वी शाळेत आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी आम्हा शिक्षकांना हे समजावलं होतं. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर हळूहळू ताठर होत जातं. आधी तिखट सोसत नाही. मग आतली त्वचा पांढुरकी पडते, तोंड कमी कमी उघडतं. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जायला हवीत. ताठरलेलं अस्तर पुन्हा पहिल्यासारखं होणं कठीण, आणि पुढे त्यातून कर्करोग होण्याची भीती. मात्र सुपारी लगेच थांबवली तर आजार तिथेच रोखता येऊ शकतो. तंबाखूही लागत नाही, नुसती सुपारी पुरते, हे तेव्हा ऐकून मी चमकले होते. गोड सुपारीची पुडी आमच्याकडे चॉकलेटच्या बरणीशेजारी टांगलेली असते.

आता काय करायचं? नाव विचारणार नाही, असं मी म्हटलं होतं. चिकाच्या डागावरून मुलगा कोण ते कळत होतं. त्याला वर्गातून बोलावलं असतं तर त्या ४१ जणांपैकी पुन्हा कोणी खरं लिहिलं नसतं. न बोलवावं तर दिवस जात होते. मुख्याध्यापकांना मी एवढंच सांगितलं की मुलांनी जे लिहिलंय ते स्पर्धेला पाठवणार नाही. ते म्हणाले, मग पाठवायचं काय? मी आदल्या दिवसाच्या वह्यांमधला एक 'शाप' पाठवला. त्याची मला लाज वाटते, पण ही पानं त्या पाकिटात घालणं जमलंच नसतं.

शेजारच्या अमळनेरला साने गुरुजी शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून एक दैनिक काढत, 'छात्रालय' नावाचं. मुलांचंच रोजचं जगणं त्यात यायचं. मुलांशी जे समोरासमोर बोलता येत नाही ते कागदावर बोलता येतं, हे आमच्या भागातल्या मास्तरांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. मी पेन्सिल काढली आणि सगळ्याच्या सगळ्या ४१ पानांखाली एकेक प्रश्न लिहिला, म्हणजे एकाचं पान वेगळं दिसणार नाही. कोऱ्या पानावर लिहिलं, "तुला लाज का वाटावी? तू काय केलंस?" ठशाच्या पानावर लिहिलं, "ठेचा कधीपासून झोंबतो? आरशासमोर तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, बघशील?" सगळी पानं वाचनालयाच्या कपाटात एका खोक्यात ठेवली. ज्याला हवं त्याने आपलं न्यावं, उत्तर लिहून परत ठेवावं.

सोमवारी खोक्यात २३ पानं परत आली होती. ठशाच्या पानावर उत्तर होतं: "परीक्षेच्या आधीपासून. दोनच जातात."

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत तो वाचनालयाच्या दाराशी येऊन उभा राहिला. पाय आत, पाय बाहेर.

"मॅडम, ते मी लिखेल शे."

"माहीत शे माले," मी म्हटलं.

तो पुढे काही बोलला नाही. मीही त्याला सुपारीबद्दल एक शब्द बोलले नाही. आईला भेटायला येऊ का, एवढंच विचारलं. त्याने मान हलवली.

आई ओसरीवर बसली होती. मी सगळं सांगितलं, नाटक नाही हेही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग कमरेची छोटी डबी काढून समोर ठेवली.

"मी बी मिश्री लावस, मॅडम. याले कोन्ता तोंडे सांगू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. अजून वेळेत आलात, असं त्या म्हणाल्या. औषध दिलं, दर महिन्याला यायला सांगितलं. आणि एक व्यायाम: आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवत न्यायची. तंबाखूच्या पुडीवरच छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर व्यसन सोडायला मदत करणाऱ्यांचा आहे, तोही त्यांनी आईला दाखवला. तो तिच्याही कामाचा होता. त्यावर ती काही बोलली नाही, पण कागदावर उतरवून घेतला.

खोका अजून कपाटात आहे. कोऱ्या पानाचं उत्तर अजून आलेलं नाही, पान मात्र कोणीतरी नेलं आहे. टपरी चार दिवस बंद होती, पुन्हा उघडली. मी लेखी तक्रार दिली आहे आणि ६२ हा आकडा त्यात घातला आहे.

चिकाचा ठसा असलेलं पान दर सोमवारी येतं. पहिल्या आठवड्यात त्यावर होतं, "१४ काड्या." दुसऱ्यात, "१४ काड्या. बुधवारी एक पुडी खाल्ली. लपवायचं नव्हतं." मी खाली लिहिलं, "बुधवारी काय झालं होतं?" त्याने लिहिलं, "काकांनी गाडी भरायला बोलावलं होतं."

या सोमवारी पान आलं तेव्हा आकडा १६ होता. त्याखाली वेगळ्या, गिरवून काढल्यासारख्या अक्षरात आणखी एक ओळ होती. मुलाचं अक्षर ते नव्हतं.

"डबी चार दिनपासून बंद शे."