आमची वाटचाल: दर भरायच्या दिवशी

सरकारी इमारतींची साफसफाई आणि किरकोळ देखभाल हे आमच्या फर्मचं काम. सुरुवात खासगी सोसायट्यांपासून झाली, मग एका लहान कार्यालयाची निविदा मिळाली आणि पुढे वसतिगृहं, रुग्णालयं, प्रशासकीय इमारती येत गेल्या. आमच्याकडे काम करणाऱ्यांमध्ये बहुसंख्य महिला आहेत.

आमच्या धंद्यात कम्प्लायन्स (कायद्याचं पालन) म्हणजे निविदेला जोडायची कागदपत्रं, असा समज रूढ आहे. जीएसटी नोंदणी, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआयसीचे (कामगार राज्य विमा) कोड, कामगार परवाना, डिजिटल सही. हे सगळं कोणीही महिनाभरात जमवतो. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. कायदा पाळला जाणार की मोडला जाणार, हे ठेकेदार निविदेत दर भरतो त्याच दिवशी ठरलेलं असतं. आमची सगळी वाटचाल या एका गोष्टीभोवती झाली आहे.

हिशोब मांडून दाखवतो. किमान वेतन सरकार ठरवतं आणि महाराष्ट्रात त्यातला महागाईशी जोडलेला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. पगार 100 रुपये धरा. मालकाचा पीएफचा वाटा 12 रुपये, त्यासोबतचा विमा आणि प्रशासकीय आकार मिळून 1 रुपया, ईएसआयसीचे 3.25 रुपये, बोनस कमीत कमी 8.33 रुपये. झाले 124.58. यात झाडू, फिनाईल, हातमोजे, गणवेश अजून आलेले नाहीत. रुग्णालयासारख्या ठिकाणी सातही दिवस काम चालतं, म्हणजे साप्ताहिक सुट्टीसाठी दर सहा जणींमागे एक बदली बाई लागते. तिचा पगारही दरातच बसवावा लागतो.

इतकं सगळं कायद्यानं बांधलेलं असताना स्पर्धेला जागा उरते ती फक्त सेवाशुल्काची, म्हणजे ठेकेदाराच्या स्वतःच्या मोबदल्याची. तरीही या बेरजेच्या खाली दर भरले जातात, आणि ती तूट बायकांच्या पगारातूनच भरून निघते. मालकाचा पीएफचा वाटाही त्यांच्याच पगारातून कापायचा, ज्याला कायद्यानं बंदी आहे. पीएफच्या यादीत निम्मीच नावं टाकायची. पगार बँकेत पूर्ण जमा करायचा आणि एटीएम कार्डं सुपरवायझरच्या खिशात ठेवून त्यातले पैसे परत काढायचे. असे दर भरणाऱ्यांपुढे आम्ही कामं गमावली आहेत. तरी आमच्याकडे प्रत्येक निविदेआधी तळाचा दर कागदावर मांडला जातो, त्यावर भागीदारांच्या आणि लेखापालाच्या सह्या होतात, आणि त्याखाली आम्ही एक रुपयाही उतरत नाही.

प्री-बिड मीटिंगला (निविदा भरण्याआधीच्या बैठकीला) आमचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: कराराच्या काळात विशेष भत्ता वाढला तर फरक कोण देणार? अटींमध्ये उत्तर नसेल तर आम्ही लेखी शुद्धिपत्रक मागतो. तेही मिळालं नाही तर निविदा भरत नाही.

दुसरी अडचण पैशांच्या वेळेची. पगार 7 तारखेपर्यंत, पीएफ आणि ईएसआयसी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. कार्यालयाचं देयक मात्र अनुदान आलं की निघतं. "बिल निघालं नाही म्हणून पगार थांबला" हे कारण कायद्यात बसत नाही. कंत्राटी कामगारांच्या 1970 च्या कायद्यात पगार देण्याची जबाबदारी ठेकेदाराची होती, आणि त्याची जागा घेणाऱ्या नव्या कामगार संहितेतही ती त्याचीच आहे. त्यानं दिला नाही तर मूळ मालकानं, म्हणजे काम देणाऱ्या कार्यालयानं, द्यायचा आणि ठेकेदाराच्या देयकातून वसूल करायचा. पीएफला उशीर झाला की वार्षिक 12 टक्के व्याज लागतं, दंड वेगळा. ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की कामगारांच्या पगारातून कापलेली वर्गणी मुदतीनंतर भरली तर त्या वेळच्या आयकर कायद्यात तिची वजावट मिळत नाही. म्हणून तीन महिन्यांचा पगार हाताशी असेल तेवढंच काम आम्ही घेतो. लघुउद्योगांना 45 दिवसांत पैसे मिळावेत अशी तरतूद 2006 च्या एमएसएमई कायद्यात आहे. ती चांगली आहे, पण पुढचं काम त्याच कार्यालयात मागायचं असतं तेव्हा लहान ठेकेदार तिचा आधार घ्यायला कचरतो.

दरमहा देयकासोबत आम्ही हजेरीपत्रक, वेतनपत्रक, बँकेची जमायादी आणि पीएफ-ईएसआयसी भरल्याची चलनं जोडतो. पण नुसतं चलन म्हणजे एक एकूण रक्कम; तेच चलन चार कार्यालयांच्या देयकांना जोडलं तरी टेबलावरच्या माणसाला कळत नाही. त्यामुळे आम्ही ईसीआरची (पीएफच्या मासिक विवरणाची) नावनिशीवार यादी देतो आणि त्या कार्यालयातल्या बायकांचे यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचे कायमचे क्रमांक, त्यावर खूण करून दाखवतो. हे कुणी मागत नाही. सगळ्याच विभागांनी मागायला हवं, असं आमचं ठाम मत आहे.

कारण या यादीतलं एक नाव गळलं की नुकसान खरंखुरं होतं. ईएसआयसीकडून बाळंतपणात 26 आठवडे पूर्ण पगाराइतका लाभ मिळतो, पण त्याआधीच्या दोन वर्गणी कालावधींत (प्रत्येकी सहा महिन्यांच्या) मिळून किमान 70 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. आमच्या एका ताईंना हा लाभ मिळाला तेव्हा त्या म्हणाल्या, आधीच्या ठेकेदाराकडे असताना असं काही असतं हेच माहीत नव्हतं. काम दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलं तरी आम्ही प्रत्येकीची काम सोडल्याची तारीख पीएफ पोर्टलवर भरतो, नाहीतर त्यांना पुढे पैशांसाठी खेटे घालावे लागतात.

टक्केवारी (बिलातल्या हिश्श्याची लाच) आणि रिंग (ठेकेदारांनी आपसात दर ठरवणं) या दोन गोष्टींपासून आम्ही दूर राहिलो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. बळजबरीनं द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार करावी लागते. ‘सपोर्ट’ म्हणून दुसऱ्यासाठी चढ्या दराची निविदा भरणं स्पर्धा कायद्यात संगनमत ठरतं. अशी विनंती आली की आम्ही नाही म्हणतो, मग समोर जुनी ओळख असली तरी.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांची जागा घेणाऱ्या चार कामगार संहिता लागू झाल्या. नियुक्तिपत्र सगळ्यांना द्यायचं आहे; ते आम्ही आधीपासूनच मराठीत देतो. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग पीएफसारख्या गोष्टी ज्यावर मोजतात त्या वेतनात धरायचा, हा बदल देखभालीच्या तंत्रज्ञांना लागू पडतो, कारण त्यांच्या पगारात भत्ते मोठे आहेत. त्यांची वेतनपत्रकं लेखापाल नव्यानं मांडत आहेत. तो हिशोब पूर्ण होईपर्यंत देखभालीची एकही नवी निविदा आम्ही भरणार नाही.